डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज न होणे

डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी चार्जरला जोडूनही प्रभारित (चार्ज) न होणे, हा कॅमेरा वापरणाऱ्यांच्या नेहमी अनुभवास येणारा दोष आहे. त्याचे मूळ बॅटरी, चार्जर, वीजपुरवठा किंवा कॅमेरा यांपैकी कशातही असू शकते. त्यामुळे नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने तपासणे इष्ट असते.

रचना
आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या एका घटाचे विभवांतर सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट असते. पूर्ण प्रभारित घटाचे सामान्यतः ४.२ व्होल्ट भरते. मोठ्या कॅमेऱ्यांच्या बॅटरीत बहुधा दोन घट एकसर जोडणीत असतात. घटांसोबत एक संरक्षक परिपथ बसवलेला असतो. धन व ऋण अग्रांखेरीज बॅटरीवर दिसणाऱ्या जादा पट्ट्यांमधून तापमानाची किंवा बॅटरीच्या ओळखीची माहिती चार्जरला वा कॅमेऱ्याला मिळते.

कारणे
• मळलेले अग्र : धूळ, घाम किंवा गंज यांमुळे विद्युत संपर्क तुटतो.
• अतिविसर्जन : बॅटरी अनेक महिने न वापरल्यास ती आपोआप रिकामी होत जाते. विभवांतर ठरावीक मर्यादेखाली गेले की संरक्षक परिपथ घटांना बाह्य अग्रांपासून तोडतो. अशा वेळी चार्जरला बॅटरी असल्याचेच कळत नाही.
• तापमान : ०° सेल्सियसच्या खाली किंवा सुमारे ४५° सेल्सियसच्या वर अनेक चार्जर प्रभारण थांबवतात. हा बिघाड नसून सुरक्षेची योजना असते.
• जीर्णता : काही शे वेळा प्रभारण झाल्यावर बॅटरीची धारणक्षमता घटते व अंतर्गत रोध वाढतो.
• चार्जर व केबल : यूएसबीद्वारे चार्ज होणाऱ्या कॅमेऱ्यांत सदोष केबल किंवा अपुऱ्या क्षमतेचा अडॅप्टर हे कारण असू शकते. काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात.

दोषशोधन
प्रथम तोच वीजबिंदू दुसऱ्या उपकरणाने तपासावा. नंतर बॅटरी व चार्जर यांचे अग्र कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावेत. पाणी वापरू नये. गार किंवा तापलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. यानंतरही फरक न पडल्यास त्याच प्रकारची दुसरी, चांगली बॅटरी चार्जरला लावून पाहावी. ती चार्ज झाल्यास दोष पहिल्या बॅटरीत असण्याची शक्यता अधिक. न झाल्यास चार्जर संशयास्पद ठरतो. दिव्याच्या लुकलुकण्याचा अर्थ प्रत्येक चार्जरमध्ये वेगळा असल्याने तो माहितीपुस्तिकेत पाहावा. अतिविसर्जित बॅटरीसाठी काही चार्जर आरंभी अल्प विद्युतधारा सोडतात. त्यामुळे ती काही काळ चार्जरमध्ये ठेवून पाहता येते.

सुरक्षितता
अतिविसर्जित बॅटरीला थेट तारा जोडून 'जिवंत' करण्याचा प्रयत्न धोकादायक असतो. विभवांतर फार खाली गेल्यास ऋण अग्रावरील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढील प्रभारणाच्या वेळी ते तांबे पुन्हा साचून आतल्या आत लघुपरिपथ होऊ शकतो व बॅटरी पेट घेऊ शकते. फुगलेली, गळणारी किंवा चार्ज होताना अतिशय तापणारी बॅटरी वापरातून काढून टाकावी. ती उघडू, टोचू वा घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात अशा बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' यांच्या कक्षेत येते.

निगा
दीर्घकाळ न वापरायची बॅटरी कॅमेऱ्यातून काढून, सुमारे निम्मी प्रभारित अवस्थेत, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासावी. पूर्ण रिकामी बॅटरी तशीच साठवल्यास अतिविसर्जनाचा संभव वाढतो.