अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसलेले विद्यार्थी

#धागा #अजिंठा #कलेतिहास

१/ चित्रकलेच्या विद्यार्थ्याला थोर कलावंतांचा अभ्यास करावयास सांगितले की तो व्हॅन गॉगपासून राजा रविवर्म्यापर्यंत नावांची यादी करतो. परंतु आधुनिक भारतीय चित्रकारांच्या काही पिढ्या ज्या गुरूंपुढे बसून शिकल्या, त्या गुरूंची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्या अनाम गुरूंच्या दारी गेलेल्या विद्यार्थ्यांचा हा इतिहास. त्यात तीन आगी आहेत, एक चूक आहे आणि एक न सुटलेला प्रश्न आहे.

२/ वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेऊन कोरलेली दरी, आणि तिच्या कड्यात सुमारे तीस लेणी. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील. आपण ज्या चित्रांसाठी अजिंठ्याला जातो, ती बहुतांश इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातील. सोळाव्या लेण्यातील शिलालेख दान देणारा मंत्री वराहदेव याचे नाव सांगतो. रंगवणाऱ्यांविषयी मात्र दगड मौन बाळगून आहे.

३/ या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हटले जाते. ते काटेकोरपणे बरोबर नाही. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग भरतात. अजिंठ्यात खडबडीत दगडावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि दूर अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला निळा राजावर्त. हा तपशील ध्यानात ठेवा. पुढे तो कळीचा ठरणार आहे.

४/ २८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेच्या २८ व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने दरीत उतरला आणि दहाव्या लेण्यापाशी पोहोचला. तेथील रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. शतकानुशतके आपले नाव न लिहिणाऱ्या चित्रकारांच्या कामावर नाव लिहिणारा हा पहिला साहेब. त्यानंतर पाहुणे वाढले. काहींनी तर भिंतीवरील आकृतींचे तुकडे काढून नेण्याचा उद्योगही केला.

५/ चित्रे नष्ट होत आहेत हे कंपनी सरकारच्या कानी गेले आणि १८४४ साली मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याची नकला करण्यासाठी नेमणूक झाली. गिल अजिंठा गावी राहिला आणि अंधार, उष्मा, वटवाघळे यांच्या सोबतीत कॅनव्हासवर तैलरंगांनी भव्य नकला करीत गेला. गिल आणि पारो यांची कहाणी मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे परिचित आहेच. येथे आपण त्याच्या कामाकडे पाहू.

६/ गिलच्या नकला लंडनला गेल्या आणि सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि जवळजवळ सर्व नकला जळाल्या. उरल्या त्या मोजक्याच. जवळपास वीस वर्षांचे श्रम एका रात्रीत गेले. गिल मात्र याच मुलुखात राहिला. १८७९ साली त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे दफन भुसावळला झाले. ही पहिली आग.

७/ आता मुंबईकडे वळू. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली: आजचे 'जे. जे.'. शिक्षणाचा आराखडा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश गिरवत. १८६५ साली तेथे जॉन ग्रिफिथ्स नावाचा वेल्श चित्रकार शिक्षक म्हणून आला.

८/ ग्रिफिथ्सने अजिंठा पाहिला आणि त्याचे एक मत पक्के झाले: भारतीय कलाविद्यार्थ्यापुढे ठेवण्यास याहून चांगला नमुना नाही. साम्राज्याच्या नोकरीतील शिक्षकाने हे म्हणणे लहान गोष्ट नव्हती. गिलच्या नकला जळाल्याच होत्या. मुंबई सरकारने पैसा दिला आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत का होईना, ग्रिफिथ्स जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत काम करीत राहिला.

९/ हे विद्यार्थी कोण होते? त्यांतील सर्वांत परिचित नाव पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांचे. पुढे ते नामांकित चित्रकार झाले. इतर काहींची नावे संग्रहालयाच्या नोंदींत टिकून आहेत, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत ती शोधून सापडणार नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या या तरुणांनी सुमारे ३०० चित्रे केली. त्यांतील सर्वांत मोठी सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच आहेत.

१०/ सोळाव्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' घ्या. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, आधार देणारी दासी, भोवती चिंतेने झुकलेल्या स्त्रिया. आज अभ्यासक तिला पतीने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच कोसळलेली नंदपत्नी सुंदरी मानतात. फ्लॉरेन्सचा चित्रकार अधिक काटेकोर रेखाटन करील, व्हेनिसचा अधिक चांगला रंग भरील. पण भाव मात्र याहून उत्कट कोणी आणू शकणार नाही, असा ग्रिफिथ्सच्या अभिप्रायाचा आशय होता.

११/ नकला पुन्हा लंडनला गेल्या. आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील कोठाराला आग लागली. शंभरहून अधिक चित्रे गेली. ही दुसरी आग. तरीही ग्रिफिथ्सने १८९६–९७ मध्ये अजिंठ्यावरील दोन खंडांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या मिळून १६६ नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत; १९५५ नंतर त्या तेथे कायमस्वरूपी मांडलेल्या नाहीत.

१२/ आता ती चूक. काळवंडलेली चित्रे नीट दिसावीत म्हणून नकला करताना मूळ भिंतींवर हलक्या प्रतीचे व्हार्निश लावले गेले. क्षणभर रंग उजळले, आकृती स्पष्ट झाल्या. पण मातीच्या गिलाव्यावरील कोरड्या रंगाला ते मानवले नाही. कालांतराने व्हार्निश पिवळे पडले आणि थर सोलून निघू लागले. मूळ चित्र जपण्यासाठी नक्कल, आणि नक्कल करता यावी म्हणून मूळ चित्राला इजा. हेतू निर्मळ असल्याने हानी टळत नाही.

१३/ तेरा वर्षांत जे. जे. चे विद्यार्थी काय शिकले? शाळेच्या कुंभारकामात, नक्षीत, सजावटीत अजिंठ्याची कमळे, हंस, वेलबुट्टी उतरली. परंतु पेस्तनजींची स्वतःची तैलचित्रे पाहा: पारशी घरातील शांत प्रसंग, खिडकीतून येणारा प्रकाश, युरोपीय पद्धतीची घडण. अजिंठ्याची रेषा तेथे जवळपास नाही. शाळेने अजिंठा 'अलंकरणाचा नमुना' म्हणून पाहावयास शिकवले होते. 'चित्र' म्हणून पाहण्याची भाषा युरोपचीच राहिली.

१४/ पुढला गट आला १९०९ साली. लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती टेम्परा तंत्राची जाणकार होती; चेनिनो चेनिनीचा जुना इटालियन ग्रंथ तिने इंग्रजीत आणला होता. तिच्या मदतीला भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून अवनींद्रनाथ टागोरांनी कलकत्त्याहून शिष्य धाडले: नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले.

१५/ या तरुणांपुढे भिंत तीच होती, पण प्रश्न वेगळा होता. वंगभंगानंतरचा स्वदेशीचा काळ. 'आपले चित्र कोणते?' हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यामुळे अजिंठ्यात त्यांना नक्षीच्या पलीकडचे काही दिसले: एकाच रेषेत बोटाची लवचीकता आणि खांद्याचे वजन सांगण्याची शक्ती. नंदलाल तेथे फार दिवस राहिले नाहीत, तरी ती रेषा त्यांच्या हातात जन्मभर राहिली. शांतिनिकेतनची भित्तिचित्रे आणि संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट पाहताना ती ओळखू येते.

१६/ हेरिंगहॅमच्या नकलांचा ग्रंथ १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने काढला. ग्रिफिथ्सच्या तुलनेत या नकलांत पडझडीच्या जागा कल्पनेने भरून मूळ रूप उभे करण्याकडे कल अधिक होता. ग्रंथाच्या शीर्षकात तिचे नाव आहे. बाकीचे सारे 'तिचे सहाय्यक'. ती स्वतः मायदेशी परतल्यावर मानसिक आजाराने खचली आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यातून बाहेर आली नाही. तिच्याकडे पाहतानाही कठोर होऊ नये.

१७/ तिसरी आग जपानमधली. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून जपानी चित्रकला शिकवण्यास आलेल्या अराई काम्पो यांनी १९१६ ते १९१८ या भारतातील मुक्कामात जपानी कागदावर अजिंठ्याच्या नकला उतरवल्या. त्या तोक्यो विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या कांतो भूकंपात त्या नष्ट झाल्या. लंडन असो वा तोक्यो, सुरक्षित म्हणून निवडलेली जागाच दगा देत गेली. दरीतली ओलसर, अंधारी भिंत मात्र टिकून राहिली.

१८/ १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करविली, तर गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत छायाचित्रांसह नोंद पुरी केली. दरम्यान १९३६ च्या अखेरीस पॅरिसमध्ये शिकलेली अमृता शेरगिल अजिंठ्याला आली. तिने नक्कल केली नाही, पाहिले. १९३७ मधील तिची 'ब्रह्मचारी' आणि 'नववधूचा शृंगार' ही चित्रे पाहा: गेरूचा तांबूसपणा, सपाट विस्तार, स्थिर देह.

१९/ तर मग नक्कल करणे व्यर्थ होते का? नाही. मधल्या काळात भिंतीवरील कित्येक तपशील झडून गेले; ते आज केवळ या विद्यार्थ्यांच्या कॅनव्हासवर आहेत. जे गेले त्याची साक्ष द्यावयास नक्कलच उरली आहे. पण कोणतीही नक्कल निर्विकार नसते. एकाच भिंतीत मुंबईने नक्षी पाहिली, कलकत्त्याने रेषा, शेरगिलने रंग. आपण काय शोधत आलो आहोत, त्यावर गुरू काय शिकवणार हे ठरते.

२०/ उरतो तो न सुटलेला प्रश्न. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी, मुंबई सरकारच्या पैशाने, आपल्याच मातीतील चित्रांवरून केलेले काम सातासमुद्रापार कोठारात आहे. ते कोणाचे? आगीतून वाचले म्हणून तेथील, की येथल्या हातांचे म्हणून येथील? उत्तर सोपे नाही. पण प्रश्न विचारण्यापूर्वी त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक हवीत, एवढे तरी मान्य व्हावे.

२१/ पुढल्या वेळी सोळाव्या लेण्यात जाल तेव्हा मोबाइल क्षणभर खिशात ठेवा. वही काढा आणि त्या कललेल्या मानेची एकच रेषा उतरवून पाहा. ती बिघडेल; हरकत नाही. पेस्तनजींची आणि नंदलालांचीही प्रथम बिघडलीच असेल. दीड हजार वर्षांपूर्वीचा अनाम गुरू अजूनही तोच धडा देतो आहे, आणि त्याच्या वर्गात जागा रिकामी आहे.

(धागा समाप्त. तुमच्या गावच्या लेण्यात, देवळात, वाड्यात जुनी भित्तिचित्रे असतील तर खाली अवश्य लिहा.)