दातांसाठी सीमोल्लंघन



‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाच्या थट्टेला उद्देशून वापरतो. पश्चिमेकडील श्रीमंत देशांच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात मात्र ती जवळजवळ शब्दशः खरी झाली आहे. ज्यांच्या घरी चणे मुबलक, त्यांनाच दातांसाठी शेजारच्या गरीब देशाची वेस ओलांडावी लागली. व्हिएन्नाचा नागरिक हंगेरीतील सोप्रॉनला जातो. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातला पेन्शनर मेक्सिकोतील लोस अल्गोदोनेस या सीमेवरच्या चिमुकल्या गावी जातो. उपचारासाठी गरीब देशांतली माणसे श्रीमंत देशांत जातात, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे ओघ उलटा वाहतो. तो उलटा का झाला, याचा आज आपण विचार करू.

पहिला प्रश्न असा, की दात हा शरीराचा अवयव असताना त्याची व्यवस्था वेगळी का? याचे मूळ एकोणिसाव्या शतकात सापडते. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय काढले. या विषयाचे ते जगातले पहिले महाविद्यालय होय. जत्रेत दात उपटणाऱ्याची विद्या त्यामुळे प्रतिष्ठित झाली, हा मोठाच लाभ. परंतु वैद्यक एका घरात आणि दंतवैद्यक दुसऱ्या घरात, अशी वाटणीही त्यातूनच पक्की होत गेली. पुढे सरकारे आरोग्याचा खर्च उचलू लागली, तेव्हा या वाटणीचे परिणाम दिसू लागले.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. दात पाहणे, भरणे, कवळी बसवणे, सारे विनामूल्य! वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेली माणसे दंतवैद्यांच्या दारी लोटली आणि खर्चाचे अंदाज कोलमडले. अवघ्या तीन वर्षांत, कोरियातील युद्धामुळे शस्त्रास्त्रांवरचा खर्च वाढताच, अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्यांवर आणि चष्म्यांवर आकार बसवला. या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी त्या तत्त्वासाठी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ साली साध्या दंतोपचारांवरही एक पौंडाचा आकार आला. काटकसरीची कात्री प्रथम फिरली ती दातांवर आणि डोळ्यांवर, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अमेरिकेत तर दात आरंभापासूनच कुंपणाबाहेर राहिले. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ विम्यावर सही केली. पण नेहमीचे दंतोपचार त्या कायद्यातून स्पष्टपणे वगळलेले होते. ज्या वयात दात पडतात, नेमक्या त्याच वयासाठी केलेली ही योजना!

योगायोग असा, की त्याच १९६५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क या संशोधकाने माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर कृत्रिम दात उभारले. या धातूशी हाड एकजीव होते, हे त्याला सशांवरील प्रयोगांत आढळले होते. १९८० नंतर ही पद्धत जगभर मान्यता पावली. म्हणजे उपाय सापडला, पण तो महाग. आणि त्याचा भार रुग्णाच्या खिशावर.

टायटॅनियमचा भाव व्हिएन्नात आणि सोप्रॉनमध्ये फारसा वेगळा नसतो. वेगळे असते ते दंतवैद्याचे वेतन, जागेचे भाडे आणि दात घडवणाऱ्या कारागिराची मजुरी. दंतोपचारात यंत्रापेक्षा माणसाच्या हाताचा वाटा मोठा, म्हणून जेथे हाताचे मोल कमी तेथे दात स्वस्त. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यामध्ये तर ही तफावत केवळ एका कुंपणाच्या अंतरावर होती. १९७९ मध्ये या दोन देशांनी परस्परांच्या नागरिकांना व्हिसाची अट माफ केली. १९८९ च्या मे महिन्यात हंगेरीने काटेरी कुंपण काढण्यास आरंभ केला. १९ ऑगस्टला सोप्रॉनजवळ भरलेल्या सहभोजनाच्या मेळाव्यातून पूर्व जर्मनीचे सुमारे सहाशे लोक ऑस्ट्रियात निसटले. इतिहासाच्या पुस्तकांत पश्चिमेकडे धावणारे ते लोक आहेत. त्याच वाटेने दातदुखी घेऊन पूर्वेकडे जाणाऱ्यांची नोंद मात्र क्वचितच होते. सोप्रॉन आणि मोशोनमाग्यारोवार या गावांत जर्मन भाषेतल्या पाट्या लावलेले दवाखाने उभे राहिले. १ मे २००४ रोजी हंगेरी युरोपीय संघात आली आणि स्वस्त विमानांतून ब्रिटिश रुग्णही बुडापेस्टला उतरू लागले.

कायद्याची पावलेही दातांच्याच निमित्ताने पुढे पडली. लक्झेंबर्गच्या कोल नावाच्या गृहस्थाला मुलीचे वाकडे दात जर्मनीतील ट्रिअर येथे सरळ करून घ्यायचे होते. विमासंस्थेने परवानगी नाकारली. खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २८ एप्रिल १९९८ रोजी निकाल कोल यांच्या बाजूने लागला. २०११ साली युरोपीय संघाने त्या तत्त्वाला नियमाचे रूप दिले. तथापि त्यात एक मेख आहे: परतावा मिळतो तो स्वदेशात मिळाला असता तेवढाच. स्वदेशीच्या विम्यात जो दात नाही, तो परदेशी जाऊनही विम्यात येत नाही.

आता व्यवहार पाहू. दात कोरून पोट भरत नाही. एखादी खाच भरण्यासाठी विमानभाडे खर्चणे हा तोट्याचाच सौदा. मोठ्या कामात बचत खरी, परंतु हाडात स्क्रू रुजायला काही महिने लागतात, म्हणून बहुधा दोन खेपा कराव्या लागतात. पुढे काही बिघडले तर दंतवैद्य शेकडो मैलांवर, आणि दाद मागायची तीही परक्या न्यायालयात.

आणखी एक बाजू आहे. १९९५ च्या काटकसरीत हंगेरीने आपल्या प्रौढ नागरिकांच्या मोफत दंतोपचारांना मोठी कात्री लावली. परदेशी पाहुण्यांसाठी दवाखाने सजत होते, त्याच काळात स्थानिक कामगार आपला दात भरावा की उपटावा, याचा हिशेब करीत होता.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले सुटीत पुण्या-मुंबईस आली, की लग्नकार्याच्या धांदलीतही दंतवैद्याकडे दोन दुपारी घालवतात. गोव्याला येणारे काही पाहुणेही तेच करतात. आपल्या दंतवैद्यांच्या कौशल्याला मिळालेली ती पावतीच आहे, आणि तिचा आनंद मानावा. पण ज्याला ते स्वस्त वाटते तो पौंडात आणि डॉलरात मोजतो. त्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईला तोच दर महिन्याच्या मिळकतीहून मोठा असतो, आणि तिला ओलांडायला पलीकडे कोणतीही सीमा नाही.

श्रोतेहो, सीमा ओलांडणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. दुखऱ्या दाताला देशाभिमान समजत नाही. दोष असलाच तर तो तोंडाला शरीरापासून तोडणाऱ्या हिशेबाचा आहे. हा हिशेब माणसांनीच मांडला. तो दुरुस्त करणेही माणसांच्याच हाती आहे.