एक माणूस, अनेक नावे : ग्रंथालयांच्या जोडणीचा इतिहास

बारा प्रेषितांची यादी वाचताना एक गोष्ट आमच्या मनात नेहमी येते. शिमोन, केफा आणि पेत्र ही तीन नावे एकाच कोळ्याची. उलट याकोब हे नाव एक, पण माणसे दोन. शिमोन आणि यहूदा या नावांचीही तीच गत. म्हणून शुभवर्तमानकारांनी ‘जब्दीचा मुलगा’, ‘अल्फीचा मुलगा’ अशा खुणा नावाला जोडून दिल्या. एका माणसाची अनेक नावे एकत्र आणणे आणि एका नावाची अनेक माणसे वेगळी राखणे, हे दुहेरी काम ग्रंथपालाच्या वाट्याला रोज येते. ते आजवर कसे पार पडत आले आणि संगणकाच्या युगात ‘लिंक्ड डेटा’, म्हणजे परस्परांशी जोडलेली माहिती, या नावाने ते कोठवर पोहोचले आहे, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले. इंग्रज अभ्यासक त्यांना ‘स्टीफन्स’ म्हणतात, कोणी ‘स्टीव्हन्स’ म्हणतात. पोर्तुगीज ग्रंथांत ते ‘एस्तेव्हांव’ होतात. १९५६ मध्ये पुण्यास निघालेल्या देवनागरी आवृत्तीवर ‘फादर स्टीफन्स’ असे आहे. पुराणाचे देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात, व्याकरण पोर्तुगीज परंपरेत, छापील आवृत्त्या महाराष्ट्रात. तालिका नुसत्या अक्षरांवर चालली, तर एका लेखकाचे तीन लेखक होतात आणि पुराण वाचणाऱ्याला व्याकरणाचा पत्ता लागत नाही.

या अडचणीवर आधुनिक काळात नियमबद्ध उपाय योजणाऱ्यांत अँथनी पानित्सी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. इटलीतून परागंदा झालेल्या या गृहस्थांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश म्युझियमने १८४१ मध्ये तालिकेचे ९१ नियम छापले. एवढा काटेकोरपणा कशासाठी, अशी टीका पुष्कळ झाली. शाही आयोगापुढे पानित्सींना आपल्या पद्धतीचा बचाव करावा लागला. पण तत्त्व टिकले. लेखकाचे एक प्रमाण रूप ठरवावे, आणि इतर रूपांपाशी ‘अमुक नाव पाहा’ अशी सूचना ठेवावी. पुढे १९०१ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील पत्रके इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली, तेव्हा एकाने केलेले काम अनेकांच्या उपयोगी पडू लागले.

या कथेत आपल्या धर्मसभेचेही एक पान आहे. पोप पायस अकरावे हे पोप होण्यापूर्वी ग्रंथपाल होते. प्रथम मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात आणि नंतर व्हॅटिकन ग्रंथालयात त्यांनी प्रमुखपद सांभाळले. त्यांच्याच कारकिर्दीत, अमेरिकेच्या कार्नेगी निधीच्या साहाय्याने, व्हॅटिकनच्या छापील ग्रंथांची तालिका नव्याने मांडली जाऊ लागली, आणि १९३१ मध्ये तिचे नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या संग्रहात पोप, संत आणि व्रतस्थ लेखक यांची नावे भाषागणिक बदलतात, तेथे असा ग्रंथ निघावा यात नवल नाही.

१९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम या विदुषीने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ ही संगणकीय नोंदपद्धती घडविली. पत्रकावरील प्रत्येक रकान्याला क्रमांक मिळाला आणि नोंदी एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ लागल्या. तरीही मूळ दोष राहिलाच. नोंदीत नाव होते ते अक्षरांच्या ओळीच्या रूपात. लिस्बनचे ‘एस्तेव्हांव’ आणि वॉशिंग्टनचे ‘स्टीफन्स’ एकच आहेत, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग ग्रंथालयांच्या बाहेरून आला. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये माहिती जोडण्याची चार सूत्रे मांडली. त्यांचा आशय साधा आहे. प्रत्येक वस्तूला नावाऐवजी महाजालावरचा एक कायमचा पत्ता द्यावा. तो उघडणाऱ्याला उपयुक्त माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतर पत्त्यांकडे नेणारे दुवे असावेत. माहिती तीन पदांच्या विधानांत लिहावयाची : ‘ही व्यक्ती – लेखक आहे – या ग्रंथाची’, ‘ही व्यक्ती – तीच आहे – ती व्यक्ती’. मग नाव कोणत्याही लिपीत असो, पत्ता एकच राहतो.

स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये आपली ‘लिब्रिस’ ही संयुक्त तालिका या रीतीने खुली केली. २००९ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांना असे पत्ते मिळाले. २०१० मध्ये जर्मनीने आणि २०११ मध्ये फ्रान्सने तोच मार्ग धरला. त्याआधीच, २००३ मध्ये, वॉशिंग्टन आणि जर्मनीची ग्रंथालये ‘ओसीएलसी’ या सहकारी संस्थेसह नावांच्या याद्या जुळवू लागली होती. ‘व्हायफ’ नावाच्या त्या सामाईक यादीत पुढे व्हॅटिकन ग्रंथालयही सामील झाले. ‘मार्क’ला पर्याय म्हणून ‘बिबफ्रेम’ची योजना लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये हाती घेतली, आणि २०१८ मध्ये स्वीडनने आपली राष्ट्रीय तालिकाच त्या पायावर उभी केली. इतरत्र ‘मार्क’ अजून पुष्कळ ठिकाणी नांदतो आहे. लक्षावधी जुन्या नोंदी एका रात्रीत बदलत नाहीत.

तथापि यंत्र जुळवते ते नावे, तारखा आणि शीर्षके यांच्या साम्यावरून. जन्मवर्ष नसले, शीर्षक चुकले, की दोन माणसे एक होतात किंवा एक माणूस दुभंगतो. यांपैकी पहिली चूक अधिक घातक, असे आम्हांस वाटते. तुटलेला धागा आज ना उद्या कोणी जोडील. चुकीची गाठ मात्र खरी मानून सर्वत्र पसरते.

हे काम आम्हां धर्मगुरूंना सर्वस्वी परके नाही. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आदेशापासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या पुस्तकात, समासात, करण्याचा दंडक आहे. विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तर तेथील धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास कळवावयाचे. दोन गावांची दोन पुस्तके एका समासाने जोडली जातात. पत्र पाठवावयाचे राहिले, की दुवा तुटला.

एकदा एका भगिनीने आपल्या आजीचा दाखला मागितला. आम्ही दोन दिवस पाने चाळली. त्या वर्षी त्याच नावाच्या दोन मुली होत्या, आणि आडनाव तिसऱ्याच वळणाने लिहिलेले. अखेर धर्ममातेच्या नावावरून ओळख पटली. जुन्या धर्मगुरूंनी ते एक नाव लिहिण्याचा कंटाळा केला असता, तर आम्ही कदाचित दुसऱ्याच मुलीचा दाखला देऊन बसलो असतो. माणूस नावाने नव्हे, नात्यांनी ओळखला जातो. आणि ते नाते कोणीतरी, वेळेवर, लिहून ठेवलेले असावे लागते.

येथेच आपल्या समाजाचा प्रश्न उभा राहतो. डिसोजा, परेरा, लोपीस ही आडनावे आणि त्यांपुढे संतांची मोजकी नावे. आपल्या लेखकांत नामसाम्य होणारच. आपली पुस्तके बहुधा छोटी, वितरण परिसरापुरते. पुष्कळांवर लेखकाचे जन्मवर्ष नाही, गाव नाही, कित्येकदा प्रकाशनाचे वर्षही नाही. जगातील ग्रंथालये उद्या कितीही जोडली गेली, तरी जे कोठे नोंदलेच नाही ते जोडता येणार नाही. फादर स्टीफन्स यांच्यामागे चार शतकांचे अभ्यासक उभे राहिले. आपल्या धर्मग्रामातील जुन्या भजनकर्त्यामागे, शाळामास्तरामागे कोण उभे राहणार?

म्हणून आमची विनंती लहान आहे. पुस्तक छापताना लेखकाचे पूर्ण नाव, जन्मवर्ष, गाव, प्रकाशनाचे वर्ष आणि टोपणनाव असल्यास तेही आतल्या पानावर द्यावे. धर्मग्रामाच्या कपाटातील पुस्तकांची यादी, साध्या वहीत का होईना, याच तपशिलांनिशी करावी आणि तिची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे द्यावी. यासाठी संगणक लागत नाही. ज्यांना ती माणसे आठवतात ते आज आपल्यात आहेत. वही त्यांच्यासमोर बसूनच भरली पाहिजे.