बाजारतळ कोणाचा?

नगरहून करंजीचा घाट ओलांडून आलेला वाटसरू तिसगावात पोहोचला, की त्याच्यापुढे दोन वाटा फुटतात. एक पाथर्डीकडे जाते, दुसरी शेवगावकडे. मढीच्या कानिफनाथांचा आणि वृद्धेश्वराचा यात्रेकरू याच गावावरून जातो. तिसगावची पेठ म्हणजे रस्त्याची लेक. अशा पेठेला ऊर्जितावस्था आणायची तर ग्रामपंचायतीने पैसा कोठे घालावा, आणि गावाची मोकळी जागा कोणाच्या हाती द्यावी? हा प्रश्न आजचा वाटतो खरा. पण तो फार जुना आहे.

मराठेशाहीत नवी पेठ वसवायची म्हणजे आधी कौल द्यावा लागे. व्यापाऱ्याने यावे, दुकान बांधावे, आणि ठरावीक वर्षे त्याला जकात व पट्टी माफ असावी, असा तो करार असे. पडीक जमीन लागवडीस आणताना सारा वर्षागणिक थोडाथोडा चढवीत नेत, त्याला इस्तावा म्हणत. तोच न्याय पेठेला लागू होता. पेठेवर शेटे आणि महाजन हे वतनदार असत. उदमी माणसे आणून वसवणे आणि दुकानांना जागा नेमून देणे हे शेट्याचे काम. त्याबद्दल त्याला बाजारातून हक्क मिळे. पेठ बसली तर हक्क वाढे, उठली तर शेट्याच्याही पोटाला चिमटा बसे. वतनदारीत जुलूम पुष्कळ होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु बाजारातून घेणाऱ्याचे हित बाजाराच्या भरभराटीशी बांधलेले होते, एवढे त्यात शिकण्यासारखे आहे.

पुण्याची शुक्रवार पेठ १७३४ च्या सुमारास जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसवली. पुढे दीडशे वर्षांनी याच पेठेत, खासगीवाल्यांच्याच जागेवर, पुणे नगरपालिकेने मंडई उभारली. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. १८८६ मध्ये नवी इमारत उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. त्या काळी लाखो रुपयांचा हा खर्च. त्याला जोतीराव फुले यांनी विरोध केला. जोतीराव १८७६ ते १८८२ पर्यंत नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. तो पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे सांगणे होते. मंडईच्या बाबतीतही त्यांची भूमिका हीच होती.

आता इतिहासाची गंमत पाहा. मंडई चालली आणि टिकली. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला ज्यांचे नाव मिळाले, ते महात्मा फुलेच! मग जोतीराव चुकले काय? मला तसे वाटत नाही. इमारत उपयोगी ठरली म्हणून 'पैसा कोणाचा आणि सोय कोणाची' हा प्रश्न खोटा ठरत नाही.

हाच प्रश्न खेड्यात लोकल फंडाच्या रूपाने उभा होता. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा शेतकऱ्याकडून घेत. त्यातला मोठा वाटा रस्त्यांकडे आणि एक तृतीयांश शाळांकडे जाई. देणारा कुणबी, खर्च ठरवणारा सरकारी अंमलदार. पुढे १८८२ चा रिपनसाहेबांचा ठराव आला, १८८४ चा लोकल बोर्डाचा कायदा आला, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. खर्च ठरवण्याचे काम थोडेथोडे करून आपल्या हाती आले.

आज हातात काय आहे? वरून येणाऱ्या अनुदानांचा पुष्कळ भाग बांधून आलेला असतो. २०२० ते २०२६ या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठीच राखलेला होता. मोकळेपणाने खर्चता येतो तो स्वतःचा पैसा: घरपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि आठवडे बाजाराची फी. ही फी देते कोण? पाटी घेऊन बसणारी माळीण, मिरच्यांचा ढीग मांडणारा शेतकरी, घोंगड्या विकणारा धनगर. बाजारकराचा ठेका लिलावाने देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ठेकेदार वसुली करतो. पण पावसाळ्यात चिखल त्याच माळिणीच्या पायाखाली असतो.

अशा वेळी गाळे बांधण्याची सूचना पुढे येते. गाळे वाईट नव्हेत. त्यांतून कायमचे उत्पन्न येते. परंतु ते बाजारतळाच्या कडेने एकेक करीत आत सरकू लागले, की तळ आक्रसतो. बाजारकरी मग रस्त्यावर येतात, रस्ता अडतो, आणि अतिक्रमणाचा दोष त्यांच्याच माथी येतो. त्यातही एकाने गाळा अल्प भाड्याने घ्यावा आणि दुसऱ्यास चढ्या भाड्याने द्यावा, असे झाले, तर मधला नफा गावाचा राहत नाही.

माझे म्हणणे क्रमाचे आहे. आधी तळाची मोजणी आणि हद्दीचे दगड, मग पाणी, निचरा, सावली, ओटे आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, त्यानंतर गाळे. बाजारातून आलेल्या पैशाचा काही भाग बाजारावरच खर्चावा आणि त्याचा हिशेब चावडीच्या फळ्यावर लागावा. नव्या दुकानदाराला पहिली दोन वर्षे भाडे कमी ठेवून पुढे चढवावे; हा आपला जुना इस्तावाच.

यासाठी नवा कायदा नको. वर्षातून किमान चार ग्रामसभा भरतात, आणि विकासाच्या खर्चाला त्यांची संमती लागते. जोतीराव सभागृहात एकटे होते, तरी त्यांनी हात वर केला. आपण तर इतके जण आहोत. पुढच्या ग्रामसभेत कोणी तरी उठून एवढेच विचारावे: गेल्या वर्षी बाजाराने किती दिले, आणि बाजाराला किती मिळाले?