संगणकीय खेळ : प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड

त्रिमितीय संगणकीय खेळातील दृश्यनिर्मितीचे काम प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांत विभागलेले असते. ही विभागणी क्रमाक्रमाने झाली. ‘क्वेक’ (१९९६) या खेळात चित्रणाचा सर्व भार प्रारंभी प्रोसेसरवरच होता. त्याच वर्षी आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ कार्डाने चित्रबिंदू रंगविण्याचे काम उचलले. आकृत्यांच्या शिरोबिंदूंचे गणित मात्र प्रोसेसरकडेच राहिले. त्यामुळे प्रोसेसर मंद असल्यास कार्डाची पूर्ण क्षमता वापरली जात नसे. एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स २५६’ या कार्डाने (१९९९) हे गणितही स्वतःकडे घेतले. तथापि खेळाचे नियम व पात्रांच्या हालचाली मुख्यतः प्रोसेसरच सांभाळतो. म्हणून खेळाची गती दोहोंपैकी मंद घटकावरून ठरते. चित्रबिंदूंची संख्या वाढविल्यास कार्डाची, तर घटविल्यास बहुधा प्रोसेसरची मर्यादा जाणवते. एकाच घटकावर केलेला मोठा खर्च त्यामुळे अंशतः वाया जातो.