पाटीवर काय लिहायचे?

सोलापूर-नळदुर्ग रस्त्यावरच्या एका शाळेत, अडगळीच्या खोलीत, एक यंत्र कित्येक वर्षे पडून होते. मोठ्या ट्रंकेएवढी लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यात एक छोटे पेट्रोल इंजिन, इंजिनाला थेट जोडलेला डायनामो आणि वर अँपिअरमापक बसवलेली एक पेटी. कारखान्याच्या नावाची पट्टी निघून गेली होती. वरचा रंग निळा होता. तो जरा खरवडला की खाली सैन्याचा हिरवा रंग दिसे. बिनतारी संदेशयंत्रांच्या बॅटऱ्या भरण्यासाठी सैन्यात वापरला जाणारा हा जनित्र-संच होता.

शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी तो आम्हा दोघा सहकाऱ्यांना दाखवला आणि विचारले, ‘हे पुन्हा चालेल का?’ त्यांची योजना तयार होती. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, यंत्र सुरू करून मुलांना दाखवायचे आणि शेजारी पाटी लावायची : ‘१९४८ च्या हैदराबाद कारवाईत भारतीय सैन्याने वापरलेले जनित्र’. गावात सगळे तसेच सांगत. आम्ही काम हाती घेतले ते यंत्र चालू करण्यासाठी. पाटीचा प्रश्न नंतर उभा राहिला.

गावकऱ्यांच्या सांगण्यात अशक्य असे काही नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्याची मुख्य फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापुराहूनच निघाली होती. पहिली चकमक झाली ती सुमारे ४५ किलोमीटरवरच्या नळदुर्गला. तिथला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि रणगाडे पुढे सरकले. १७ तारखेला निजामाने नभोवाणीवरून युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला हैदराबादच्या सैन्याने शरणागती पत्करली. सोलापूर ते हैदराबाद हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. एवढ्या लांब पसरलेल्या फौजेला एकमेकांशी जोडून ठेवणारे साधन म्हणजे बिनतारी संदेशयंत्रणा.

बोलण्याला लागणारी ऊर्जा

रेडिओचा इतिहास शिकवताना आपण मॅक्सवेल, हर्ट्‌झ, जगदीशचंद्र बोस, मार्कोनी अशी नावे घेतो. सगळा भर लहरींवर असतो. त्या निर्माण करायला वीज कुठून येत होती, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. सैनिकाला मात्र तो रोज पडत असे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातील सैन्यांच्या रणगाड्यांमध्ये ‘नंबर १९’ नावाचा बिनतारी संच सर्रास असे. त्यात डझनाहून अधिक निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडायचे तर आतला भाग सतत तापलेला हवा. साध्या व्हॉल्व्हच्या तापकाला ६.३ व्होल्ट दाबाला ०.३ अँपिअर, म्हणजे सुमारे १.९ वॉट शक्ती लागते. डझनभर व्हॉल्व्ह धरले तर नुसती ऊब टिकवण्यासाठी २३ वॉट! कुणी बोलत नसले, नुसते कान देऊन बसले असले, तरी हा खर्च चालूच. शिवाय व्हॉल्व्हना शेकडो व्होल्टचा दाब लागे. तो मिळवण्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक छोटी मोटर फिरवून तिच्याकडूनच उच्च दाबाची वीज तयार करत.

मुलांकडून एक गणित करून घ्या. बॅटरी १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-तासांची आहे आणि संच सरासरी ६ अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. मग ७५ भागिले ६, म्हणजे बॅटरी साडेबारा तास पुरेल. त्यानंतर संच मुका. ही बॅटरी भरायला १० अँपिअर प्रवाह दिला तर, वाया जाणारा भाग धरून, नऊ-दहा तास हवेत. युद्धकाळात राष्ट्रकुलाच्या सैन्यांत वापरला जाणारा, कॅनडात बनलेला ‘चोअर हॉर्स’ हा जनित्र-संच ३०० वॉटचा होता. बॅटरी भरताना तिचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो. ३०० भागिले १४ म्हणजे सुमारे २१ अँपिअर. एका वेळी दोन बॅटऱ्या, रात्रभर. यंत्रांच्या क्षमता कशा ठरत असतील याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

आता माणसाच्या बळाशी तुलना करू. या बॅटरीत १२ गुणिले ७५, म्हणजे ९०० वॉट-तास ऊर्जा मावते. चांगला धट्टाकट्टा माणूस पायाने चाक फिरवत राहिला तर ७५ ते १०० वॉट शक्ती देऊ शकतो. म्हणजे त्याने नऊ ते बारा तास न थांबता पाय मारायला हवेत. ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ साली पायाने चालवायचे बिनतारी संच बनवले आणि दूरदूरच्या वस्त्यांना ते डॉक्टर बोलावण्यासाठी उपयोगी पडले. पण ते अधूनमधून थोडा वेळ बोलण्यासाठी होते. चोवीस तास कान उघडे ठेवायचे तर पेट्रोलला पर्याय नव्हता. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास उष्णता असते. छोटे इंजिन, डायनामो आणि बॅटरी मिळून त्यातले जेमतेम ५ ते ७ टक्के पदरात पाडतात. म्हणजे एका बॅटरीला अंदाजे दोन लिटर. रणगाड्यांमागून इंधनाच्या गाड्या जात, त्यांतल्या पेट्रोलचा थोडा हिस्सा अशा प्रकारे बोलण्यासाठी खर्च होत असे.

लोखंडाची आठवण

दुरुस्ती सुरू केली तेव्हा पहिला नियम ठरवला : जोर करायचा नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडले आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी इंजिन हाताने फिरले. मॅग्नेटोचे पॉइंट साफ केले, त्याचा निकामी कपॅसिटर बदलला, टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर उकलून धुतला. डायनामोच्या तारांचे आवरण दमट झाले होते, म्हणून तो दिवसा उन्हात आणि रात्री शंभर वॉटच्या दिव्याच्या उबेत ठेवला. मेगरवरचा रोध समाधानकारक दिसेपर्यंत आठवडा गेला. कॉम्युटेटर घासायला काळा एमरी कागद वापरायचा नाही, कारण त्याचे कण तांब्यात रुततात आणि पट्ट्यांमध्ये अडकून वीज इकडून तिकडे जाऊ देतात. त्याऐवजी काच कागद वापरावा. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली खरवडला, म्हणजे कार्बन नीट टेकतात.

सुरू करताना यंत्र उघड्या मैदानात नेले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत जीव घेऊ शकतो, आणि भरत्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने स्फोट पावतो. दहाव्या-बाराव्या दोरीला इंजिन धडधडू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण व्होल्टमापकाचा काटा शून्यावरून हलेना.

हे यंत्र एके काळी ज्यांच्या हातात होते ते मिस्त्रीकाका बाजूला उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. ते म्हणाले, ‘सर, हेला आधी जरा करंट चाखवावं लागतंय. मग सुटतंय.’

त्यांचे बरोबर होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवले की चुंबकीय क्षेत्रात तार फिरवली की वीज मिळते. पण मुळात चुंबक आणायचा कुठून? १८६६-६७ मध्ये सीमेन्स, व्हीटस्टन आणि व्हार्ली यांना उत्तर सापडले. लोखंडात आधीचे थोडेसे चुंबकत्व शिल्लक असतेच. त्यामुळे डायनामो फिरला की किंचित वीज निर्माण होते. ती त्याच्याच चुंबकाच्या वेटोळ्यात सोडली की चुंबक वाढतो, त्याने वीज वाढते आणि असे करत काही क्षणांत पूर्ण दाब तयार होतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या आमच्या डायनामोत हे शिल्लक चुंबकत्व जवळजवळ उरलेच नव्हते. यंत्र थांबवून आम्ही वेटोळ्याला काही सेकंद १२ व्होल्टची बॅटरी लावली, धन-ऋण टोके नीट पाहून, कारण उलटी लागली तर डायनामोही उलटी वीज देतो. पुन्हा दोरी ओढली. काटा एक, तीन, सात असा चढत चौदावर स्थिरावला.

आटे मोजले तेव्हा

उद्‌घाटनाला दोन आठवडे होते. चौकट परत जोडताना एक बोल्ट बसेना, म्हणून आम्ही त्याचे आटे मोजले. पाच-सोळांश इंची बोल्ट, एका इंचात २४ आटे. इथे आम्ही थबकलो. मॅग्नेटोवर ‘इंग्लंड’ ही अक्षरे होती, आणि जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या पद्धतीत या जाडीला इंचात २२ आटे असतात. २४ आट्यांची पद्धत अमेरिकन.

महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसत नसत आणि फार खोळंबा होई. म्हणून ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी आट्यांची एक समाईक पद्धत ठरवली. ‘युनिफाइड’ नावाच्या या पद्धतीवर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा बोल्टांवर एकमेकांना चिकटलेल्या तीन वर्तुळांची खूण येऊ लागली. आमच्या बोल्टांवरचे ग्रीस पुसले, तर ती तीन वर्तुळे स्पष्ट दिसली.

एखादा बोल्ट नंतर बदललेला असू शकतो. म्हणून आम्ही इंजिनाच्या ओतीव खोक्यातली सगळी छिद्रे तपासली. सगळ्यांचे आटे त्याच मापाचे, आणि एकही छिद्र नंतर पाडलेले किंवा भरून दुरुस्त केलेले नाही. निष्कर्ष टाळता येईना. हैदराबादची कारवाई सप्टेंबर १९४८ मध्ये संपली होती. हे यंत्र बनले त्यानंतर.

मुख्याध्यापकांना सांगणे जड गेले. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. ते म्हणाले, ‘एवढ्या बारीक गोष्टीने काय फरक पडतो? असलीच यंत्रे तेव्हा होती ना?’ होती, हे खरेच. पण त्याच खोलीत आपण मुलांना निरीक्षण आणि अनुमान शिकवतो. पुरावा विरोधात गेल्यावर पाटी तशीच ठेवली, तर मुले त्यातून काय शिकतील? विज्ञानशिक्षक आमच्या बाजूने उभे राहिले. आम्हाला खरी काळजी होती ती मिस्त्रीकाकांची. त्यांचा मान त्या गोष्टीशी जोडलेला होता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘निजामाच्या वेळचं म्हणून मी कधी सांगितलंच नाही. लोकच म्हणायचे. मी आपला गप बसायचो.’ आणि पहिल्यांदाच त्यांनी आम्हाला या यंत्राचा त्यांना माहीत असलेला इतिहास सांगितला. सैन्याने मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावातून आलेले हे यंत्र त्यांनी तरुणपणी एका व्यापाऱ्याकडून घेतले, निळे रंगवले आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बैलगाडीतून गावोगाव नेले. आसपासच्या गावांत वीज नव्हती. चावडीवरच्या रेडिओची बॅटरी उतरली की गाव त्यांची वाट पाही.

ही गोष्ट आम्हाला लहान वाटली नाही. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. महाराष्ट्रातल्या १५० गावांत शेतकऱ्यांचे गट दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकत्र बसून रेडिओवर शेतीचे कार्यक्रम ऐकत आणि मग चर्चा करत. पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो जगभर वाचला गेला. वीज न पोहोचलेल्या गावात असे सामूहिक ऐकणे बॅटरीच्याच भरवशावर चाले. ती कुणीतरी भरत असे, आणि त्यांची नावे अशा अहवालांत येत नाहीत.

हा धंदा बंद पडला तोही विज्ञानामुळेच. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर बनला. जगासमोर तो आला जून १९४८ मध्ये, हैदराबाद कारवाईच्या अडीच महिने आधी. त्याला तापकाची गरजच नाही. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ खेड्यांत पोहोचले, ते टॉर्चच्या सेलवर महिनोन्‌महिने चालत. मिस्त्रीकाका मग पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीकडे वळले आणि यंत्र शाळेच्या अडगळीत आले.

१७ सप्टेंबरला कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच झाला. १९४८ ची हकीकत सांगितली, बॅटरीचे गणित फळ्यावर मांडले. मिस्त्रीकाकांनी दोरी ओढली. बॅटरी भरू लागल्यावर शिक्षकांनी एक व्हॉल्व्ह रेडिओ तिच्यावर लावला. तापक लाल व्हायला अर्धे मिनिट लागले, तेवढा वेळ मुले चिडीचूप होती. आम्ही निळा रंग काढला नाही. फक्त एका कोपऱ्यात खरवडून हिरवा दिसेल असे ठेवले. पाटी नववीच्या मुलांनी लिहिली :

‘बॅटरी भरण्याचा सैनिकी जनित्र-संच. बनावट नोव्हेंबर १९४८ नंतरची (पुरावा : बोल्टांवरील तीन वर्तुळे, बाण पाहा). सैन्यातून निघाल्यावर याने आसपासच्या गावांचे रेडिओ चालवले.’

तुमच्या शाळेत, साखर कारखान्याच्या आवारात किंवा जुन्या गॅरेजमध्ये असे एखादे यंत्र नक्की असेल. रंग देण्याआधी खालचे थर पाहा, आटे मोजा, आणि ते चालवणारे कुणी हयात असेल तर आधी त्यांच्याकडे जा.