नव्या हिरवळीचे स्फुरद : एका अपवादाचा इतिहास

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००२ साली हिरवळीवर स्फुरदयुक्त खत घालण्यास निर्बंध करणारा कायदा संमत केला. २००५ पासून हा निर्बंध राज्यभर लागू झाला. सरोवरांविषयी ख्यात असलेल्या या प्रदेशाने पाण्याच्या रक्षणार्थ हे पाऊल उचलले. तथापि नव्याने पेरलेल्या हिरवळीस पहिल्या हंगामापुरते त्यातून वगळण्यात आले. हा अपवाद केवळ सवलत नव्हे. त्यामागे दीर्घ शास्त्रीय अनुभव आहे.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेटचे एकस्व घेतले. सलगमाच्या पेरणीत या खताचा गुण विशेष दिसून आला. त्याचे कारण कोवळ्या रोपाच्या स्थितीत सापडते. बीजातील साठा संपताच रोपास मातीवर अवलंबावे लागते. परंतु त्याचे मूळ आखूड असते. नत्राचे नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहते. स्फुरद मात्र मातीच्या कणांस चिकटून राहते व मुळासच त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. म्हणून पेरणीपूर्वी ते वरच्या थरात मिसळणे युक्त ठरते. गवताचे बारीक बीही या नियमास अपवाद नाही.

जुन्या गवताची गोष्ट निराळी आहे. लॉज व त्यांचे सहकारी जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५६ साली रॉथॅमस्टेडच्या ‘पार्क ग्रास’ या जुन्या कुरणात खतांचे प्रयोग आरंभिले. अमोनियायुक्त नत्राने तेथे गवते माजली. नत्र वगळून स्फुरद व पालाश दिलेल्या वाफ्यांत क्लोव्हरसारख्या द्विदल वनस्पती वाढल्या. खत केवळ वाढ करीत नाही, तर कोणती वनस्पती टिकावी हेही ठरविते, हा त्यातील बोध होय. मुळे खोल गेलेल्या हिरवळीस नत्राचीच गरज प्रामुख्याने भासते. कापलेले गवत जागीच राहू दिल्यास त्यातील स्फुरद मातीस परत मिळते. अशा ठिकाणी माती कसदार असता घातलेले स्फुरद व्यर्थ जाते.

किंबहुना ते अपायकारकही होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली २२६ क्रमांकाचे सरोवर पडद्याने दुभागले. एका भागात कार्बन व नत्र, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीस स्फुरद घातले. दुसऱ्या भागातच शैवालाने पाणी हिरवे झाले. पावसाबरोबर सरोवरात जाणारे स्फुरद किती घातक आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मिनेसोटाच्या कायद्यात या दोन्ही अनुभवांचा मेळ आढळतो. मृत्तिकापरीक्षणात न्यूनता दिसल्यासही तो स्फुरदास अनुमती देतो. उघडी माती स्वतःच वाहून जाते व आपले स्फुरद बरोबर नेते. यास्तव नवे गवत त्वरित रुजणे हे सरोवराच्याही हिताचे आहे.